तळटीप : ‘तारण’

तारण : ख्रिस्ती परिभाषेत पापाच्या बंधनातून सुटका, मोक्ष. पतपेढीच्या पाटीवरचे ‘सोनेतारण’ ते हे नव्हे. तिथे दागिना ठेवावा लागतो. इथे ठेवण्याजोगे आपल्याजवळ काहीच नाही, हेच आधी मान्य करावे लागते. शब्दाचे मूळ ‘तारणे’, म्हणजे पैलतीरी नेणे, यात आहे. खाडीपलीकडे ‘तरी’ने जाणाऱ्या कोकणी वाचकाला ते सांगायला नको.

बायबलमधील पौलाच्या इफिसकरांस पत्रात (२:८-९) तारण हे कृपेने मिळणारे देवाचे दान म्हटले आहे, कर्मांचे फळ नव्हे. ‘कृपा’ हा तिथल्या ‘खारिस’ या ग्रीक शब्दाचा प्रतिशब्द. दान फुकट, म्हणून आचरण ऐच्छिक, असा अर्थ मात्र निघत नाही : याकोबाच्या पत्रात (२:१७) कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव ठरवला आहे. सत्कर्म ही किंमत नसून परिणाम आहे. याच मुद्द्यावर सोळाव्या शतकात धर्मसुधारक ल्यूथर आणि रोमचे चर्च यांच्यात फूट पडली. १९९९ साली ल्यूथरन व कॅथलिक मंडळ्यांनी त्यावर संयुक्त घोषणापत्र काढले.

ही कृपेची कल्पना मराठीला नवी नव्हती. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, बाप्तिस्मा १८९५चा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ते पटण्यासारखे आहे. स्वतःकडे पुण्याची शिल्लक नाही, असे म्हणत विठ्ठलाच्या दारी उभे राहण्याची सवय वारकरी अभंगाने मराठीला आधीच लावली होती. ‘कृपा’ हा शब्द टिळकांना परका वाटण्याचे कारणच नव्हते.