अण्णांची ‘रायफल’

मसुऱ्यास आमच्या माजघरात एक बंदूक टांगलेली असे. अण्णा तिला ‘रायफल’ म्हणत, म्हणून सारी वाडीही रायफलच म्हणे. भात पोटरीस आले की रानडुकरे उतरत. तेव्हा अण्णा ती घेऊन मांगरात रात्र काढीत. एक काडतूस, एक बार. नेम चुकला की डुक्कर पसार! ती आली कोठून, असे आम्ही मुलांनी विचारले की उत्तर ठरलेले : “पणजोबांनी मैवंदच्या लढाईतून आणली.” पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि ती खुंटीवरच राहिली.

अण्णांच्या पश्चात ती मजकडे आली. परवान्याचे सोपस्कार आटोपल्यावर (ते सांगत बसलो तर हा अंक पुरावयाचा नाही) मी ती कोल्हापुरास एका बंदूकवाल्याकडे साफ करावयास नेली. तेथल्या वृद्ध कारागिराने नळी उजेडाकडे धरून मला आत पाहावयास सांगितले. आत आरशासारखी गुळगुळीत! रायफलीच्या नळीत गोळीला गिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा असतात; येथे एकही नव्हती. ही छऱ्यांची, बारा बोअरची एकनळी. एक रतल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी.

मात्र तिची कळ लष्करी घराण्यातली होती. चापाखालची दांडी ओढली की आतला ठोकळा पुढून झुकतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि त्याच दमात खटकाही ताणला जातो. अमेरिकेतील पीबडीने १८६२ साली असा झुकता ठोकळा काढला. स्वित्झर्लंडमधील मार्टिनीने बाहेरचा घोडा काढून सारी करामत आत दडवली. एडिंबरोच्या हेन्रीची खाचांची नळी तिला जोडून इंग्रजांनी १८७१ साली ‘मार्टिनी-हेन्री’ स्वीकारली.

मग मैवंद? ती लढाई २७ जुलै १८८० ची. मुंबई लष्करात रत्नागिरी जिल्ह्याचे (आपला तालुका तेव्हा त्यातच) पुष्कळ शिपाई असत. पण त्या रणात मार्टिनी होती ती गोऱ्या ६६ व्या पलटणीपाशी. आपल्या शिपायांच्या हाती होती त्याआधीची स्नायडर. सत्तावन्नचा धसका एवढा की देशी पलटणींना हत्यार नेहमी एक पायरी मागचे! शिवाय १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास बंदी, गोऱ्यांना मात्र मुभा. असल्या काळात साधा शिपाई सरकारी बंदूक खांद्यावर टाकून मसुऱ्यास येतो कसा?

उरलासुरला संशय कारागिराने भिंगाखाली फेडला. नळीच्या बुडाशी बर्मिंगहॅमच्या परीक्षेचा ठसा होता : मुकुट आणि खाली ‘एन. पी.’, म्हणजे बिनधुराच्या दारूची परीक्षा उतरलेली. हा ठसा १९०४ नंतरचा.

घरी येऊन अण्णांची ट्रंक उपसली. तळाशी परवान्याचे जुने पुस्तक सापडले. १९५८ साल, कारण शेतीसंरक्षण, बंदूक जुनी, विकत घेतलेली. खाली अण्णांची सही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाने घरात मात्र आम्हांला खुशाल थाप मारली होती! मला रागच आला. तडक आत्याकडे गेलो.

आत्याने पुस्तकाकडे पाहिलेसुद्धा नाही. “आजो काय एक हाडूक नाय,” ती म्हणाली. “जितो परत इलो, ता काय कमी? पण तुमी पोरां सारखी विचारी, पणज्यान काय हाडल्यान? तुझो बापूस तरी काय सांगतलो?”

यंदा खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिले. नातवाने विचारले, “आजोबा, ही कोणी आणली?” मी दांडी ओढून, नळी रिकामी असल्याची खात्री करून त्याला आत पाहावयास लावले. मग अण्णांचे नाव सांगितले. आणि मागोमाग मैवंदही सांगितले, पणजोबांच्या हाती स्नायडर देऊन.