तळ्यातून काचेत

माझ्या टेबलावर वीस लिटरची काचेची टाकी आहे. तिच्यात सुमारे चाळीस चेरी कोळंब्या राहतात. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम तीन सेंटिमीटरची. आईनं पहिल्यांदा टाकी पाहिली तेव्हा ती म्हणाली, “अगं, कोळंबी काय पाळतेस? ही तर कालवणालाही पुरायची नाही!” आईचं चुकत नव्हतं. हजारो वर्षं माणसाचा कोळंबीशी संबंध होता तो जाळ्याचा आणि चुलीचा. घरातल्या टाकीत ती शोभेसाठी पाळण्याची हौस वाढली ती अलीकडेच.

या बदलात मोठा वाटा ताकाशी आमानो या जपानी गृहस्थांचा. निइगाताचे आमानो आधी व्यावसायिक सायकलपटू, मग छायाचित्रकार. १९८२ साली त्यांनी पाणवनस्पतींच्या टाक्यांसाठी कंपनी काढली. टाकीत दगड, लाकूड, वनस्पती मांडून ते अख्खा निसर्गदेखावा उभा करत. पण भरपूर उजेड आणि भरपूर खत म्हटलं की शेवाळ आलंच. त्यावर औषध टाकण्याऐवजी त्यांनी जपानी नद्यांमधली एक करड्या ठिपक्यांची कोळंबी सोडली. ती दिवसभर शेवाळ खुडत बसते. विज्ञानाला ही जात नवी नव्हती. विल्यम स्टिम्प्सन यांनी १८६० मध्येच तिचं वर्णन केलं होतं. आज मात्र ती जगभर ‘आमानो’ म्हणूनच ओळखली जाते.

म्हणजे टाकीत कोळंबी आली ती कामगार म्हणून. आणि कामगार बाहेरूनच आणावे लागत, कारण आमानोची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत. नदीत अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं वाहत समुद्राकडे जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग उलटी नदीत चढतात. वीस लिटरच्या टाकीत नदी आणि समुद्र दोन्ही कुठून आणणार?

चेरीचं तसं नाही. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन तीनेक आठवडे फिरते, सतत त्यांना वारा घालते आणि शेवटी आईबापांची हुबेहूब इवलीशी प्रत बाहेर पडते. सगळं आयुष्य गोड्या पाण्यात. त्यामुळे माणसाला निवड करता आली. मूळ रानटी जात मातकट रंगाची. तिच्यातल्या तांबूस कोळंब्या वेगळ्या काढत, पिढ्यानपिढ्या जोड्या लावत लाल रंग पक्का केला गेला. मग पिवळा, निळा, काळा. जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांनी १९९०च्या दशकात याच चिकाटीनं काळ्यापांढऱ्या ‘बी’ कोळंब्यांमधून लालपांढरी ‘क्रिस्टल रेड’ घडवली.

पहिल्या वर्षी मी हौसेनं लाल आणि निळ्या एकत्र ठेवल्या. दोन-तीन पिढ्यांत मातकट, काचेसारखी पिल्लं दिसू लागली. दुकानदार म्हणाला, “माल बिघडला, मॅडम.” खरं तर त्या आपल्या मूळ रंगाकडे निघाल्या होत्या.

चेरीचं शास्त्रीय नाव नियोकॅरिडिना डेव्हिडी. १९०४ मध्ये बुव्हिए यांनी ते आर्मां डेव्हिड या फ्रेंच मिशनऱ्याच्या स्मरणार्थ दिलं. चीनमधून मूळ नमुने त्यांनीच गोळा केले होते. याच डेव्हिड यांनी बीजिंगजवळच्या शाही शिकारबागेत एक विचित्र हरिण पाहिलं. रानात ते तेव्हाच नामशेष झालं होतं. पुढे बागेतलं कळपही गेलं. युरोपात नेलेली काही हरणं तेवढी उरली. इंग्लंडच्या एका ड्यूकनं ती आपल्या जमिनीवर जगवली आणि १९८५ साली त्यांचे वंशज चीनला परतले. कुंपणानं एक जात वाचवली.

कोळंबीच्या गोष्टीतही असं एक हरिण आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर माटानो नावाचं प्राचीन तळं आहे, जवळपास ५९० मीटर खोल. तिथली गडद लाल अंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची कार्डिनल कोळंबी जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. पुढचे पांढरे पाय झपाझप चालवत ती दगड चाटूनपुसून साफ करते. तिचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं आणि संशोधनाला पैसे देणाऱ्या जर्मन अ‍ॅक्वेरियम कंपनीवरून तिला डेनर्ली नाव मिळालं. नंतरच्या शोधांत ती तळ्यात सापडेनाशी झाली. आज ती अतिसंकटग्रस्त, रानात बहुधा नामशेष, अशी नोंदलेली आहे. उरली आहे ती हौशी लोकांच्या टाक्यांत.

तिच्यावर संकट आणणाऱ्यांत मुख्य संशयित आहे फ्लॉवरहॉर्न मासा. तो कुठल्याच नदीचा नाही. मध्य अमेरिकेतल्या माशांचे संकर करून १९९०च्या दशकात मलेशियात तो घडवला गेला, टाकीत ठेवण्यासाठीच. कपाळावरचं टेंगूळ शुभ मानतात. माझ्या मामाच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक होता; गिऱ्हाईक वाढतं म्हणे. हाच मासा कुणीतरी माटानोत सोडला. ज्या छंदानं कार्डिनल वाचवली, त्याच छंदानं तिचा वैरी जन्माला घातला.

हरिण परतलं, कारण त्याच्यासाठी जागा मोकळी करता आली. माटानो अजून आहे, पण तळ्यातून मासे वेचून काढणं सोपं नाही. तोवर टाकीतल्या कोळंब्या टाकीला सरावत राहणार. माणूस देखण्या तेवढ्या निवडत राहणार. परत सोडायची वेळ आली तर सोडू ती नेमकी कोणती कोळंबी असेल?

हे लिहिताना मला माझे गप्पी आठवतात. मी दहा वर्षांची असताना आम्ही घर बदललं. बरणी नव्या घरी नेता येणार नव्हती, म्हणून मी ते गावाबाहेरच्या तळ्यात सोडले आणि हात जोडले. आपण पुण्य केलं असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

आता टाकीचं पाणी बदलते तेव्हा बादलीत आधी बॅटरी मारून बघते, एखादं पिल्लू आलं नाही ना. मग ते पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना घालते.