शाळेचा पट आणि देशाची मुले

विद्याप्रसाराचे माप केवळ पटावरील नावांनी ठरत नाही; एकूण मुले किती धरली, यावर ते अवलंबून असते, असे आम्हांस वाटते. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये इलाख्यातील शाळांची मोजदाद आरंभिली. १८२६ च्या टिपणीत त्यांनी पाच ते दहा वर्षांचे मुलगे सुमारे ७,१३,००० धरिले. पैकी शाळेत १,८४,११०, म्हणजे चतुर्थांशाहून किंचित अधिक. मुली मात्र शाळेत अवघ्या ४,५४० होत्या! मुलांइतक्याच मुली हिशेबात धरिल्या, तर हेच प्रमाण शेकडा तेरावर उतरते. यास्तव आम्ही ज्ञातिबांधवांस विनवितो, की ज्ञातीची शिरगणती करिताना शाळेबाहेरील प्रत्येक मुलामुलीचे नाव आधी लिहावे.