पावसाची वाट आणि मळाची वाट

मृगाचा पहिला पाऊस शेतांत पडला म्हणजे जमिनींत मुरतो; तोच शहराच्या फरसबंदीवर पडला म्हणजे मुरावयास जागा न मिळून धांवूं लागतो. धांवतांना उन्हाळाभर सांचलेली धूळ, तेल, राख व केरकचरा बरोबर घेऊन तो जवळच्या नाल्यांत नेऊन टाकतो. या पाण्याला कोणती वाट द्यावी, हा नगररचनेंतील फार जुना प्रश्न आहे. तो कोठें चुकला व कोठें अद्यापि सुटण्यासारखा आहे, हें नागपूर व बुटीबोरी या दोन शेजाऱ्यांकडे पाहिलें असतां चांगलें समजतें.

गोंड राजा बख्त बुलंद शहा यानें १७०२ च्या सुमारास नागपूर वसविलें तें नाग नदीच्या कांठीं. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानानें ओढ्यांना बांध घालून जुम्मा तलाव निर्माण केला. तोच आजचा गांधीसागर. १८७० सालीं नगराच्या पाणीपुरवठ्यासाठीं अंबाझरी तलाव बांधण्यांत आला. या कामांमागील विचार साधा होता: पाऊस ही संपत्ति, ती अडवावी, निवळूं द्यावी आणि मग वापरावी. पुढें कन्हानचें पाणी नळानें घरोघर आलें आणि गांवांतल्या पावसाची किंमत उतरली. नाले राहिले, पण त्यांतून सांडपाणी वाहूं लागलें. जिच्यावरून शहराला नांव मिळालें, ती नाग नदीच गटार झाली. २०२३ च्या सप्टेंबरांत २२ तारखेच्या रात्रीं थोड्या तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, तेव्हां अंबाझरी भरून वाहूं लागला आणि नाग नदी मळासकट लोकांच्या घरांत शिरली. त्यांत प्राणहानिही झाली.

ही चूक एकट्या नागपूरची नव्हे. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्स नदीच्या दुर्गंधीनें पार्लमेंटचें काम चालणें कठीण झालें, तेव्हां जोसेफ बाझलजेट या स्थापत्यविशारदानें लंडनखालीं भव्य गटारें बांधलीं. परंतु त्यांत पाऊस व मैला यांना एकच वाट दिली होती. मोठा पाऊस झाला म्हणजे गटारें तुडुंब भरून दोन्ही टेम्समध्यें सांडत. तो दोष निवारण्यासाठीं पंचवीस किलोमीटर लांबीचें भुयार खणावें लागलें व तें पूर्णपणें चालू होण्यास २०२५ साल उजाडलें. अमेरिकेंतील मेम्फिस नगरानें पीतज्वराच्या सांथीनंतर १८८० मध्यें निराळा मार्ग धरला. तेथें मैल्याचे नळ वेगळे केले आणि पावसाची वाट वेगळी ठेवली. हें शहाणपणाचें होतें. तथापि पाऊस स्वभावतःच स्वच्छ असतो, अशी समजूत त्याच्या मुळाशीं होती. ती दूर होण्यास शंभर वर्षें लागलीं. १९८७ सालीं अमेरिकेनें जलशुद्धीच्या कायद्यांत दुरुस्ती करून कारखान्यांच्या आवारांतून व शहरांतून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यालाही परवान्याचें बंधन घातलें.

बुटीबोरीचा प्रश्न नेमका हाच आहे. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धेच्या वाटेवर, सुमारें तीस किलोमीटरांवर हें गांव आहे. १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली ती याच वाटेनें. १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें पुढें येथें विस्तीर्ण वसाहत उभारली, आणि काळ्या रानावर पत्र्यांचीं छपरें व डांबरी रस्ते पसरले. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठीं येथें सामाईक शुद्धीकरण केंद्र आहे. परंतु कोणत्याही औद्योगिक वसाहतींत आवारांत सांडलेलें तेल आणि उघड्यावर रचलेली राख धुऊन नेणारा पाऊस अशा केंद्राकडे आपोआप वळत नाहीं; तो उतार पाहून नाल्याकडे व नदीकडे जातो.

यावर उपाय अवघड नाहींत. माल छपराखालीं ठेवावा. पहिल्या सरीचें पाणी वेगळ्या टांक्यांत धरून शुद्धीकरणास पाठवावें. मागाहून येणारें पाणी गवताच्या चरांतून संथ वाहूं देऊन तळ्यांत निवळूं द्यावें. इकडील काळी माती भिजली म्हणजे फुगते व तिच्या भेगा मिटतात. म्हणून केवळ शोषखड्ड्यांवर विसंबून भागणार नाहीं, तळींच हवींत. चांद सुलतानाच्या काळची अडवून निवळविण्याची रीत अशा प्रकारें पुन्हां उपयोगीं पडते.

नाग नदीचें पाणी कन्हानमधून वैनगंगेस मिळतें आणि पवनीजवळ गोसीखुर्दच्या जलाशयांत सांचतें. बुटीबोरीकडील वेणा, जिला हिंगणघाटचे लोक वणा म्हणतात, त्या गांवावरून वाहत जाऊन वर्धेस मिळते. पुढें गडचिरोली जिल्ह्यांत चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. दोन्ही गांवांनीं आपापल्या नाल्यांत जें सोडलें, त्याचे वांटेकरी या नद्यांच्या कांठचे लोक होतात. नागपूरला जुनी चूक मोठ्या खर्चानें दुरुस्त करावी लागत आहे. वयानें लहान असलेल्या बुटीबोरीला ती अजून टाळतां येण्यासारखी आहे.