पाटाचं पाणी, गटाराचं पाणी

दुबईत राहून गटारांवर लेख लिहिणारा माणूस आपल्याला जरा विचित्र वाटेल. दिवाळी अंकाच्या वेळी एका मित्रानं विचारलंच, "अहो, दुसरा काही विषय सुचला नाही का?" माझा व्यवसायच तो. १९९४ साली पुण्याहून इथे आलो तो सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहून नेणारे नळ टाकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे. तेव्हा घरी पत्र लिहिताना, "वाळवंटात पावसाची गटारं बांधतो" हे वाक्य लिहायला लाज वाटायची. वडील धुळ्याला पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी उलट टपाली लिहिलं, "जिथे पाऊस क्वचित पडतो तिथेच गटाराची परीक्षा असते. रोज वाहणारं गटार कुठे तुंबलं ते दिसतं, वर्षातून एकदा वाहणारं दिसत नाही."

हे वाक्य मला १६ एप्रिल २०२४ रोजी आठवलं. त्या दिवशी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. या देशात १९४९ पासून पावसाची नोंद आहे, त्यात असा पाऊस नाही. इथल्या किनाऱ्यावर वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा पाऊस एका दिवसात. आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या तळघरात बुडाल्या, शारजात काही कुटुंबं तीन-चार दिवस वरच्या मजल्यावर अडकली. त्या आठवड्यात एकच प्रश्न सगळीकडे ऐकू येत होता : एवढे श्रीमंत लोक, यांना साधी गटारं बांधता येत नाहीत?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर शोधायचं तर आधी अल ऐनला जायला हवं. तिथे पाण्याचे पाट बांधण्याची परंपरा सुमारे तीन हजार वर्षांची आहे.

अल ऐनच्या हिली भागात आणि उत्तरेकडच्या बिदा बिंत सौद इथे जमिनीखालून जाणारे जुने पाट सापडले आहेत. यांना 'फलज' म्हणतात, अनेकवचनी 'अफलाज'. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची, पाणी लागलं की तिथून अगदी मंद उताराचा बोगदा खोदत वस्तीपर्यंत आणायचा, आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभी विवरं ठेवायची. माती बाहेर काढायला, हवा यायला आणि पुढे सफाईसाठी माणूस उतरायला ती उपयोगी पडतात. पूर्वी सगळे म्हणत की ही विद्या इराणातून आली. वालिद यासीन अल तिक्रिती या पुरातत्त्वज्ञानं हिलीच्या पुराव्यावरून दाखवलं की इथले फलज लोहयुगातले, इसवी सनापूर्वी एक हजारच्या आसपासचे आहेत. तेव्हा ते इथल्याच लोकांनी शोधले असावेत. हा वाद विद्वानांवर सोडू. आपल्याला ही रचना परकी नाही. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर आणली ती याच जातीची. पाणचक्की पाहायला शाळेची सहल गेलेल्या प्रत्येकानं अशा नहरीचं पाणी पाहिलेलं आहे.

'फलज' या शब्दाच्या मुळाशी वाटणी करण्याचा अर्थ आहे. मला तो फार आवडतो, कारण त्यात नळ किंवा बोगदा कुठेच नाही, फक्त माणसांमधला करार आहे. पाळ्या ठरलेल्या. दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजायची. देखरेखीला 'अरीफ' नावाचा माणूस. पाळीचं भांडण त्यानं मिटवायचं, सफाईला माणसं त्यानं बोलवायची. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हा आपला पाटकरीच की." पांझरेवरच्या फड पद्धतीत पाणी सोडणारा पाटकरी असाच गावानं नेमलेला असे, आणि हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचं हा नियम तिथेही होता.

पण खरी मौज पाण्याच्या शुद्धतेच्या नियमांत आहे. फलज जिथे जमिनीतून उघड्यावर येतो त्या जागेला 'शरीआ' म्हणतात. (या शब्दाचा मूळ अर्थच पाणवठ्याकडे नेणारी वाट असा आहे. धर्मशास्त्राचा अर्थ त्यावरून आला.) तिथलं पाणी फक्त पिण्यासाठी भरायचं. त्याच्या खाली मशिदीत वुजूसाठी, त्याच्या खाली आंघोळीच्या जागा, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, आणि सर्वांत शेवटी खजुराच्या बागा. वरच्या अंगाला कपडे धुणं हा गुन्हा. उगमाच्या भोवती ठरावीक अंतराच्या आत नवी विहीर खणायलाही मनाई. कुठलीही प्रयोगशाळा नसताना केवळ क्रम पाळून एकाच पाटाचं पाणी पिण्यालाही चालत होतं आणि शेतीलाही.

हे नियम गोठलेले नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. शेख झायेद १९४६ साली अल ऐनला पूर्व विभागाचे प्रतिनिधी म्हणून आले तेव्हा पाण्याच्या पाळ्या मूठभर बड्या मालकांच्या हातात गेल्या होत्या आणि ते त्या विकत असत. त्यांनी ती व्यवस्था मोडली, जुने पाट साफ करवले आणि अल सरूज नावाचा नवा फलज खोदवला. त्याला सुमारे अठरा वर्षं लागली. मग डिझेलचे पंप आले, खोल विंधन विहिरी आल्या, आणि उगमाभोवतीच्या मनाईला कुणी विचारेना. भूजल खाली गेलं, फलज आटले. आज अल ऐनच्या मरूद्यानात ऐनी आणि दाऊदी या दोन फलजांच्या नावानं जे पाणी खेळतं ते राखण्यासाठी विहिरींतून उपसून सोडावं लागतं. युनेस्कोनं २०११ साली अल ऐनच्या स्थळांना जागतिक वारशात आणि २०२० साली फलजाच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कुटुंबासह एकदा जाऊन यावं. सावली गार आहे आणि पाट स्वच्छ आहेत.

आता दुबई. इथे एक भेद समजून घ्यावा लागेल, जो माझ्या मते अर्ध्या रहिवाशांना ठाऊक नाही. घरातलं सांडपाणी एका जाळ्यातून शुद्धीकरण केंद्राकडे जातं. रस्त्यावरच्या जाळीतून आत जाणारं पावसाचं पाणी दुसऱ्या जाळ्यातून, कुठलीही प्रक्रिया न होता, थेट समुद्रात किंवा खाडीत जातं. किनाऱ्याची जमीन सपाट, खारट, आणि भूजल इतकं वर की पायाचा खड्डा खणला की पाणी लागतं. त्यामुळे हे दुसरं जाळं पाऊस नसतानाही भूजल वाहून नेतं. म्हणजे ते कोरडं कधीच नसतं. पण लोकांना ते कोरडं, रिकामं, कुणाच्याच मालकीचं नसल्यासारखं वाटतं.

मलाही तसंच वाटत होतं, हे इथे कबूल करतो.

२००८ साली मी एका बांधकाम कंपनीत होतो. कामगारांच्या वसाहतीचं काम माझ्याकडे होतं. शहर इतक्या वेगानं वाढत होतं की अनेक नव्या भागांना सांडपाण्याची जोडणीच नव्हती. टाकी भरली की टँकर यायचा आणि मैला अल अवीरच्या केंद्रात नेऊन ओतायचा. केंद्र एकच, टँकर शेकडो. रांगेत तासन्‌तास जायचे. चालकाला फेरीमागे पैसे, तासामागे नाही. आमच्या टँकरवाल्यानं त्या वर्षी दर वाढवायच्या ऐवजी कमी केला. मी खूश झालो. फेऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर रोज सह्या करायचो. चिठ्ठीच्या मागे केंद्राचा शिक्का असायला हवा. काही दिवसांनी अर्ध्या चिठ्ठ्यांवर तो दिसेना. मी चालकाला विचारलं. चांगला माणूस होता, पेशावरकडचा. म्हणाला, "साब, तुम्हाला टाकी रिकामी हवी की शिक्का हवा?" मी सही केली.

त्या वर्षाच्या उत्तरार्धात जुमेराच्या किनाऱ्यावर, नौकानयन क्लबच्या परिसरात, समुद्राला मैल्याचा वास येऊ लागला. पाणी तपासलं, किनाऱ्याचा भाग बंद झाला, बातम्या झाल्या. शोध घेता घेता अल कूजमधल्या पावसाच्या गटारांची झाकणं सापडली, जी रात्री उघडली जात होती. आमचे टँकर त्यात होते की नाही हे मला कुणी कधी विचारलं नाही. शिक्क्याविना चिठ्ठ्यांचा गठ्ठा मात्र माझ्या खणात होता. त्या शुक्रवारी सौ.नं मुलींना घेऊन समुद्रावर जाऊ म्हटलं, तेव्हा मी ऊन फार आहे असं सांगितलं.

गंमत अशी की नियम तेव्हाही होते. दुबई नगरपालिकेचा पर्यावरण संरक्षणाचा स्थानिक आदेश १९९१ चा, केंद्रीय पर्यावरण कायदा १९९९ चा. कशातही गटारात मैला ओता असं लिहिलेलं नव्हतं. पण ते नियम लिहिले तेव्हा शहर लहान होतं. एका केंद्रासमोर शेकडो टँकर उभे राहतील आणि प्रामाणिक चालकाला दिवसाला दोनच फेऱ्या होतील, हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं. २००८ नंतर दंड एक लाख दिरहमपर्यंत गेला, टँकर जप्त होऊ लागले. माझ्या मते दंडापेक्षा जास्त उपयोग झाला तो पुढे जेबेल अलीचं नवं केंद्र सुरू झाल्यावर रांगा ओसरल्या त्याचा. त्याच सुमाराला, २००८-०९ मध्ये, आखातात शैवालाची लाल भरती आली होती आणि काही ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद ठेवावे लागले. तिची कारणं अनेक होती, तिचा दोष टँकरवर टाकणं बरोबर नाही. पण तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण ज्या समुद्रात गटार सोडतो तोच आपल्या नळाला येतो. फलजाच्या भाषेत सांगायचं तर आम्ही शरीआच्या वरच्या अंगाला धुणं धूत होतो.

आपल्या मुंबईची कथा वेगळी नाही. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेली, ती ५० ची करा असं त्यात होतं. अहवाल बराच काळ कपाटात राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मग माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली आणि मिठी नदीचं नाव वर्तमानपत्रांत रोज येऊ लागलं. ओहर ऐकणारे काही वाचक त्या दिवशी कलिन्यात किंवा कुर्ल्यात छातीभर पाण्यातून चालले असतील.

दुबईनं या बाबतीत वेळ घालवला नाही, हे मान्य करायला हवं. जून २०२४ मध्ये 'तसरीफ' नावाची योजना जाहीर झाली : ३० अब्ज दिरहम, सगळ्या शहराला एकच पाऊसपाण्याचं जाळं, क्षमता सातशे टक्क्यांनी वाढवायची, दिवसाला दोन कोटी घनमीटरहून अधिक पाणी, २०३३ पर्यंत पूर्ण. आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि काम होईलही. माझी शंका वेगळी आहे. मोठा नळ म्हणजे समुद्राकडे जाणारी मोठी वाट. रस्त्यावरचं तेल, बांधकामाची सिमेंटची धुवण, उपाहारगृहाच्या मागच्या दारानं जाळीत ओतलेलं चरबीचं पाणी, हे सगळं त्याच वाटेनं जाणार. पहिल्या पावसाची पहिली पंधरा मिनिटं सर्वांत घाण पाणी आणतात, हे या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. म्हणून नळाच्या व्यासाबरोबर जाळीशी काय करायचं आणि काय नाही, याच्या सूचनाही नव्यानं लिहिल्या पाहिजेत, आणि त्या इमारतीचा पहारेकरी, सफाई कामगार, उपाहारगृहाचा आचारी यांना कळतील अशा भाषेत.

मी आता निवृत्त आहे. २०२४ च्या पुरानंतर आमच्या इमारतीतल्या भाडेकरूंनी मिळून एक पानभर सूचना तयार केल्या. मराठी, उर्दू, मल्याळम आणि बंगाली अशा चार भाषांत. शेजारच्या वहिनींनी मल्याळम मजकूर शाळेतल्या मैत्रिणीकडून तपासून घेतला. पहिलं कलम : ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाळ्या उघडून वाळू काढायची. दुसरं : गाडी धुतलेलं पाणी आणि फरशीचं फिनेल जाळीत सोडायचं नाही. तिसऱ्यावर बराच वाद झाला. टँकर बोलावल्यास केंद्राच्या शिक्क्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असं मी लिहिलं होतं. एकजण म्हणाले, "काका, आपल्या इमारतीला जोडणी आहे, इथे टँकर येतोच कुठे?"

ते बरोबर होते. तरी ते कलम मी ठेवायला लावलं.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पाच जाळ्या उघडल्या. चार वाळूनं भरलेल्या होत्या. पाचवीत वाळूखाली भूजल वाहताना दिसलं, स्वच्छ, हळूहळू, समुद्राच्या दिशेनं. पहारेकऱ्यानं विचारलं, पाऊस नाही तर हे पाणी कुठून आलं. मी त्याच्याजवळ बसून सांगायला सुरुवात केली, आणि सुरुवात अर्थातच अल ऐनपासून केली.