जुन्या ट्रकला हायड्रॉलिक क्लच बसवताना कोणती मापं पाहायची?

उसाचा हंगाम सुरू झाला की धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्यांबाहेर ट्रकच्या रांगा लागतात. रांग चार फूट सरकली तरी क्लच दाबावाच लागतो. तो जड असेल तर ड्रायव्हरचा डावा पाय भरून येतो. म्हणूनच काही जुन्या ट्रकची केबल किंवा रॉड काढून हायड्रॉलिक क्लच बसवतात. पण मापं चुकली तर गिअर अडतो किंवा क्लच प्लेट जळते.

क्लच चालतो कसा?

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं. तिथला पिस्टन फोर्क ढकलतो, रिलीज बेअरिंग सरकतं आणि क्लच सुटतो.

मापाचं गणित काय?

समजा, मास्टरचा व्यास २० मिमी आणि स्लेव्हचा २५ मिमी आहे. मग जोर साधारण दीडपट होतो, पण चाल कमी होते. मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकला तर स्लेव्हचा सुमारे १९ मिमीच सरकतो. म्हणजे पेडल जितकं हलकं, तितकी चाल कमी. चाल अपुरी पडली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर आवाज येतो. उलट, क्लच कायम थोडा दाबलेला राहिला तर प्लेट घसरते आणि भरल्या गाडीत चढावर जळते. त्यामुळे सिलिंडर घेण्याआधी फोर्कला किती चाल लागते ते मोजावं.

बसवताना काय पाहावं?

- स्लेव्हचं ब्रॅकेट भक्कम हवं. ते वाकलं तर चाल वाया जाते.
- इंजिन हलतं, म्हणून स्लेव्हजवळ लवचिक होज लागतो.
- सिलिंडरवर सांगितलेलंच ब्रेक ऑइल वापरावं. इंजिन ऑइलने रबरी सील फुगतात.
- एअर काढताना एकाने पेडल दाबून धरावं, दुसऱ्याने निपल उघडावं. निपल बंद केल्यावरच पेडल सोडावं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावं.

आधी हे तपासा

घासलेली प्लेट किंवा खराब बेअरिंग हायड्रॉलिकने सुधारत नाही. कधी कधी नवी केबल टाकूनही पेडल हलकं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांचे नियम आहेत. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.