तंबाखू न खाताही घशाचा कॅन्सर?

"डॉक्टर, तंबाखूला कधी हातही लावला नाही, मग घशाचा कॅन्सर कसा?" याच्या उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. आपल्याकडे या रोगाची मुख्य कारणे तंबाखू व सुपारी आहेत, हे पुढील संशोधनातून पक्के झाले.

१९८३ मध्ये जर्मनीत झुर हाउझेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ हा विषाणू सापडला. त्याच वर्षी फिनलंडच्या संशोधकांना तोंडाच्या कर्करोगातही एचपीव्हीच्या खुणा दिसल्या. २००० साली अमेरिकेतील अभ्यासाने टॉन्सिलच्या कर्करोगाशी त्याचा संबंध ठळक केला. हा विषाणू पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिने निकामी करतो.

२०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्ही लसीला मान्यता मिळाली. ती मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असली, तरी रोखते याच विषाणूला.

मात्र विषाणू सापडला म्हणून तंबाखू निर्दोष ठरत नाही. तोंडातला व्रण, पांढरा चट्टा किंवा मानेतली गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवा.